एकेका मुलाची शिकवणी: गणित नेमकं कुठे अडतंय ते आधी बघा

इचलकरंजीत मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. पाचवी ते दहावी, एका वेळी एकच मूल, भावंडं असतील तर फार तर दोघं. तीस-चाळीस जणांचा क्लास चालवणं ही वेगळी गोष्ट आहे. हे लिहितेय ते समोरासमोर बसून शिकवणाऱ्यांसाठी, विशेषतः नुकत्याच शिकवण्या सुरू केलेल्या मुलींसाठी. त्यांचा मला नेहमी येणारा प्रश्न असा, की प्रत्येक मुलाची शिकण्याची तऱ्हा वेगळी असते म्हणतात, मग ती ओळखायची कशी आणि शिकवणी त्याप्रमाणे बदलायची कशी?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. पालक हल्ली येतानाच सांगतात, "मॅडम, आमचा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला ऐकून कळत नाही." कुठेतरी प्रश्नावली भरून घेतलेली असते. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी ही वर्गवारी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांच्या १९९२ सालच्या मांडणीतून पसरली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. मुलांच्या आवडी असतात हे खरं. पण आवडीचं माध्यम दिलं म्हणून गणित येतं असं मला तरी कधी दिसलेलं नाही. आकृती काढल्याशिवाय भूमिती कुणालाच येत नाही आणि तोंडाने म्हटल्याशिवाय पाढे कुणाचेच बसत नाहीत. आकृती काढायची, बोलायचं की हाताने करायचं, हे तो धडा ठरवतो.

मुलागणिक बदलायचं ते वेगळंच. सुरुवात कुठून करायची, किती वेगाने जायचं, अडल्यावर मदत किती आणि कशी करायची, उदाहरण कुणाच्या जगातलं घ्यायचं. हे ठरवायला मुलावर शिक्का मारून चालत नाही, त्याच्या कागदावर नजर ठेवावी लागते.

पहिल्या आठवड्यात धडा काढू नका

पालकांना आधीच सांगून ठेवा की पहिले काही तास मी फक्त बघणार आहे. नाहीतर दुसऱ्याच दिवशी "अजून पुस्तक उघडलं नाही का?" म्हणून फोन येतो.

शाळेची जुनी वही आणि घटक चाचणीचे तपासलेले पेपर मागवून घ्या. गुणांकडे लक्ष देऊ नका, चुकलेली गणितं एका कागदावर उतरवून घ्या. एकदाच झालेली चूक सोडून द्या. तीच चूक चार ठिकाणी दिसली, की तो मुलाने स्वतःशी ठरवलेला नियम आहे असं समजा. ५२ मधून ३८ वजा केले आणि उत्तर आलं २६. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. "मोठ्यातून लहान वजा करायचं" हा त्याचा नियम. हा नियम घेऊन मुलं सातवीपर्यंत येतात आणि तिथे बहुपदींची वजाबाकी अडली म्हणून शिकवणी लावतात. त्यांना बहुपदी शिकवायला बसलात तर वर्ष वाया जाईल.

मग एक येणारं गणित द्या. हो, येणारं. "मला तुझी वही दिसत नाही असं समज. काय लिहितोयस ते बोलत बोलत लिही." सुरुवातीला मुलं लाजतात, नंतर सरावतात. उत्तर बरोबर असूनही रस्ता भलताच असतो, ते इथेच कळतं.

शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा, पुस्तक मिटवा आणि विचारा, "काय झालं ते सांग." पुष्कळ मुलं उदाहरण वाचतच नाहीत, शब्द शिकारतात: 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. त्यांना हे द्या: "सईने ३० रुपये खर्च केले, तिच्याकडे ४५ उरले. सुरुवातीला किती होते?" उत्तर १५ आलं, तर अडचण आकडेमोडीत नाही, वाचण्यात आहे. अशा मुलाला रोज दोन उदाहरणं फक्त वाचून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, सोडवायची नाहीत.

पाढे मधूनच विचारा. "आठ सक?" म्हटल्यावर जे मूल "आठ एके आठ" पासून सुरू करतं, त्याला पाढा पाठ आहे, पण वापरता येत नाही. अशांना उलट्या दिशेने विचारत जा: अठ्ठेचाळीस कुठल्या कुठल्या पाढ्यात येतात?

आणि खोडरबरावर लक्ष ठेवा. तुम्ही वहीवर जरा वाकलात की भराभरा खोडणारी मुलं असतात. ती आळशी नसतात, घाबरलेली असतात. चुकल्यावर कुणीतरी ओरडलेलं असतं, म्हणून पुरावा नाहीसा करायची सवय लागते. खोडलेल्या जागी नेमका आपल्याला हवा असलेला विचार होता, तो गेला. माझ्याकडे शिकवणीत खोडरबर आणायचा नाही असा नियमच आहे. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. अशा मुलापुढे 'चूक' हा शब्द आधी काढू नका. "हे कसं आलं?" एवढंच विचारा, आणि बरोबर उत्तरालाही तितक्याच वेळा विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलंत, तर मूल दोन दिवसांत ओळखतं, की बाईंनी विचारलं म्हणजे चुकलंय, आणि लगेच उत्तर बदलतं.

याच्या उलट, नुसतं उत्तर लिहून मोकळं होणारं हुशार मूल. त्याला "पायऱ्या लिही" म्हणून दामटवलंत तर ते चिडतं, आणि त्याचं चिडणं रास्तही असतं. त्याला तुम्ही सोडवलेलं, मध्ये एक चूक दडवलेलं गणित द्या आणि चूक शोधायला लावा. दुसऱ्याची पायरी वाचायला लागली, की पायऱ्या का लिहायच्या ते पटतं. बोर्डात पायऱ्यांना गुण असतात, हे त्याला नंतर सांगितलं तरी चालतं.

एक अपूर्णांक, सावकाश

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. सहावीतल्या मुलाने लिहिलं, दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. माझ्याकडे हे वरचेवर येतं आणि मी ते असं सोडवून घेते.

आधी समच्छेदाचं नावही काढत नाही. विचारते, "दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" मूल थांबतं. "पाचाचं अर्ध अडीच... कमी." "मग आधी अर्धी भाकरी होती. तिच्यात आणखी तुकडा घातला, आणि भाकरी अर्ध्यापेक्षा कमी झाली?" इथे गप्प बसायचं. हे फार अवघड आहे, पण बसायचं. मुलाचा चेहरा बदलताना दिसतो, कारण चूक त्याची त्यालाच सापडलेली असते.

मग चौकटीच्या वहीत बारा चौकटींची पट्टी आखायला सांगते. अर्धा भाग रंगव. सहा चौकटी. आता याच पट्टीचा तिसरा भाग किती? चार. मिळून दहा. बारापैकी दहा, म्हणजे सहापैकी पाच. लगेच, त्याच तासाला, पट्टीच्या खाली आकड्यांत लिहून घेते: सहा बारांश अधिक चार बारांश. 'समच्छेद' हा शब्द आता येतो, कारण मुलाचा तो आधीच करून झालाय.

मुलामुलांत फरक पडतो तो इथे. एखाद्याला एकच पट्टी पुरते, दुसऱ्या गणितापासून तो आकड्यांतच करतो. एखादीला आठवडाभर पट्ट्या आखाव्या लागतात. पट्टी कधी काढून घ्यायची, ही शिकवणाऱ्याची खरी परीक्षा. मी असं बघते: मूल पट्टी आखायच्या आधीच उत्तराचा अंदाज सांगायला लागलं, की आता पट्टी मनात गेली. मग म्हणायचं, "आज आखू नकोस, अडलं तरच आख." चित्राने कळतं म्हणून कायम चित्रावरच ठेवलंत, तर पेपरात ते अडकेल.

उदाहरण मुलाच्या घरातलं

आमच्या गावात घरोघरी यंत्रमागाचा संबंध. कुणाचे वडील माग चालवतात, कुणाचे जॉबर, म्हणजे माग जोडणारे-दुरुस्त करणारे, कुणाची आई आडव्या धाग्याच्या कांड्या भरते. आठवीत 'चलन' हा धडा आहे, समचलन आणि व्यस्तचलन. पुस्तकातली मजूर आणि दिवसांची गणितं एका मुलाला काही केल्या पटत नव्हती. मजूर वाढले की दिवस कमी, हे तो पाठ म्हणायचा, पण गुणोत्तर उलटं मांडायचा.

त्याला विचारलं, "पिक म्हणजे काय रे?" "एका इंचात आडवे धागे किती बसतात ते, बाई." त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मग मागाचा वेग मिनिटाला १२० धागे धरला. चाळीस पिकाचं कापड असेल तर मिनिटाला किती इंच विणून होईल? तीन. साठ पिकाचं? दोन. त्याने स्वतःच पुढे विचारलं, "अठ्ठेचाळीस पिकाला अडीच?" हो, अडीच. आता तिन्ही ठिकाणी पिक आणि इंच यांचा गुणाकार कर. तिन्हीकडे १२०. गुणाकार स्थिर राहिला की व्यस्तचलन. जास्त पिकाला मीटरमागे मजुरी जास्त का, हेही त्याने मला समजावून सांगितलं. त्यानंतर पुस्तकातले मजूर अडले नाहीत.

यात तो 'करून शिकणारा' आहे वगैरे काही सिद्ध होत नाही. नवीन गोष्ट लटकवायला त्याच्याकडे एक भक्कम खुंटी होती, ती शोधली इतकंच. म्हणून पहिल्या आठवड्यात गणिताखेरीजही विचारा. घरी काय काम चालतं, सुट्टीत कुठे जातोस, कशातलं तुला सगळं माहीत आहे. क्रिकेटवेड्या मुलाला सरासरी आणि धावगती द्या. दुकानात बसणाऱ्या मुलीला शेकडा नफा-तोटा शिकवायला निघालात तर तीच तुम्हाला शिकवेल. ज्या गोष्टीबद्दल मूल अधिकाराने बोलतं, तिथून धडा सुरू करा.

पाठांतर करणाऱ्या मुली

मुलंही असतात, पण माझ्याकडे मुली जास्त आल्या. अक्षर सुंदर, वही नीटनेटकी, सगळी प्रमेयं पाठ. दहावीत भूमितीचा ४० गुणांचा पेपर येतो, तिथे त्रिकोणाची अक्षरं बदलून आली की सगळं कोसळतं.

पाठांतर सोडायला सांगू नका, ती तिची ताकद आहे. तिचाच उपयोग करा. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घेऊ: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. तिला सिद्धता लिहायला सांगा, मग विधानं आणि कारणं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर कापा. चिठ्ठ्या पिसून टाका, तिला पुन्हा लावायला सांगा. त्यानंतर कारणांच्या चिठ्ठ्या उलट्या ठेवा आणि प्रत्येक विधानाला "हे कशावरून?" विचारा. शेवटी रचनेची चिठ्ठी काढून घ्या. "समांतर रेषेची टोकं समोरच्या शिरोबिंदूंना का जोडली? न जोडता झालं असतं का?" खरी गोम तिथे आहे. जोडल्यामुळे एकाच पायावर, दोन समांतर रेषांमध्ये दोन त्रिकोण तयार होतात, त्यांची क्षेत्रफळं समान, आणि सगळी सिद्धता त्या एका समानतेवर उभी आहे. हे उमगलं की अक्षरं कुठलीही येऊ देत.

अशा मुलींना नवं गणित दिल्यावर "हे शिकवलं नाहीय" असं त्या म्हणतात. त्यांना रोज एक गणित असं द्या, जे सोडवायचं नाही, फक्त सुरुवात कशी कराल ते सांगायचं. उत्तराची भीती गेली की त्या धाडस करतात.

भाषा आणि बैठक

सेमी-इंग्रजीच्या मुलांकडे वेगळं बघावं लागतं. गणित इंग्रजीत, घर मराठीत. तुम्ही "सत्तावन्न" म्हणता आणि मूल ७५ लिहितं. मराठीत एकक आधी आणि दशक नंतर बोललं जातं, त्याचा हा घोळ. याच कारणासाठी बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास सात' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली, त्यावर मोठा वाद झाला आणि गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, शिकवताना संख्या बोलल्याबरोबर लिहून दाखवा. छेदाला 'डिनॉमिनेटर' म्हणणाऱ्या मुलाला दोन्ही शब्द द्या, पण समजावणं घरच्या बोलीत करा. ते विचार त्याच भाषेत करत असतं.

बसवत नाही अशा मुलाला तासभर पाटावर डांबू नका. पंधरा मिनिटं वहीत, मग उठून फळ्यावर, मग पुन्हा वहीत. ऋण संख्या मी जमिनीवरच्या फरश्यांवर शिकवते. मधली फरशी शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण, फरशीवर खडूने आकडे. वजा म्हटलं की तोंड डावीकडे करायचं, पुढची संख्या ऋण असेल तर उलट्या पावलांनी चालायचं. उणे तीनवर उभा राहा, त्यातून उणे पाच वजा कर. तोंड डावीकडे, पाच पावलं मागे. पोचला दोनवर. शांत बसणाऱ्या मुलांनाही मी हे करायला लावते, कारण 'वजा वजा अधिक' का होतं ते पायाला कळलेलं विसरत नाही.

नोंदी आणि गृहपाठ

प्रत्येक मुलासाठी एक छोटी वही ठेवा. तासानंतर दोन ओळी पुरेत: आज कुठे अडलं, कशाने सुटलं. "छान झालं" असं लिहू नका, त्याचा पुढे काही उपयोग नाही. "चिन्ह बदलताना कंस विसरतो, कंस रंगीत पेनने काढल्यावर जमलं" असं लिहा. महिन्याने ही वही चाळली, की त्या मुलाला कसं शिकवायचं ते तिच्यातच असतं.

गृहपाठ थोडा द्या आणि मिसळून द्या. आजच्या धड्याची तीन गणितं, मागच्या आठवड्यातली दोन, दोन महिन्यांपूर्वीचं एक. एकाच प्रकारची वीस गणितं सोडवताना मूल पहिल्यानंतर विचार करणं बंद करतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहॉस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं, की मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. तास सुरू होताना मागच्या वेळचं वही न बघता लिहायला लावा, पाच मिनिटं. हे सगळ्या मुलांना लागू आहे, इथे कुणाला सूट देऊ नका.

भावंडं एकत्र असतील तर धाकट्यासमोर थोरल्याची चूक काढू नका. थोरल्याला धाकट्याचं गणित तपासायला द्या, त्यात त्याचंही कच्चं राहिलेलं पक्कं होतं.

आपल्या आवाक्याबाहेरचं

फळ्यावरून उतरवताना आकडे चुकतात, वही डोळ्यांजवळ घेतली जाते, तर आधी डोळे तपासायला सांगा. शिकवणी आणि शिस्तीने काही होणार नाही, चष्म्याने होईल.

काही मुलांचं मात्र सगळं करूनही हलत नाही. तोंडी उत्तर फटकन येतं, लिहिताना अंक उलटे होतात, सहावीतही घड्याळ वाचता येत नाही, वाचताना ओळ सुटते. मेहनत कमी नसते, बुद्धी कमी नसते. अशा वेळी पालकांना एकटं गाठून, मुलाच्या पाठीमागे, शांतपणे सांगा: "वहिनी, हा आळशी नाही. अध्ययन अक्षमता आहे का ते एकदा तज्ज्ञांकडून तपासून घेऊ." अक्षमतेचं निदान आपण करायचं नाही, 'डिस्लेक्सिया' (वाचनातली अक्षमता) हा शब्दही आपल्या तोंडून जाऊ द्यायचा नाही. काय दिसलं तेवढं सांगायचं, आणि नोंदवहीतली पानं त्यांच्याबरोबर द्यायची. तपासणाऱ्यांना ती उपयोगी पडतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत ही तपासणी होते. आपल्या भागातलं प्रमाणपत्र देणारं केंद्र कुठलं, ते शाळेकडून विचारून घ्यावं. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. तपासणीच्या तारखा मिळायला वेळ लागतो आणि दहावीचा अर्ज भरायची वेळ आली की पालकांची धावपळ होते, म्हणून शंका आली की हा विषय सातवी-आठवीतच काढा.